सातबाऱ्यावर नसलेली माणसं

कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करायचं तर सकाळी वेळेवर काठावर हजर राहावं लागतं. वरून पाणी सुटलं की रबरी होड्या निघतात. पाणी ओसरलं की खेळ संपला. हे पाणी घाटमाथ्यावर मुळशीच्या धरणात साठतं, सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात कोसळतं आणि टर्बाइन फिरवून नदीत मोकळं होतं. खरं तर ते मुळेचं पाणी, पुण्याच्या दिशेने पूर्वेला वाहणारं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून शंभर वर्षांपूर्वी ते पश्चिमेला वळवलं गेलं.

वळवणारी कंपनी टाटांची होती आणि गोष्टीतली खरी गोम इथेच आहे. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ सालीच आठ तासांचा दिवस लागू करणारं हे घराणं. कामगारांशी कसं वागावं हे त्या काळात त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? पण मुळशी खोऱ्यातले शेतकरी काही त्यांचे कामगार नव्हते. ते फक्त धरणाच्या जागेवर राहत होते.

जमीन ताब्यात येण्याआधीच चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली. आपल्या शेतात खणू नका म्हणणाऱ्या एका शेतकऱ्यावर इंजिनिअरने पिस्तूल रोखलं आणि पुणं खवळलं. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बुडणार होती सुमारे ५० गावं आणि त्यांची आंबेमोहर पिकवणारी भातखाचरं. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना सुचवलं, की कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोला.

बोलणी झालीही, पण ती पैशांची. मोबदल्याचा आकडा पुढे आल्यावर लढ्यात फूट पडली. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती. त्यांना मोबदला घेऊन मोकळं होणं परवडत होतं. कूळ म्हणून तीच जमीन कसणाऱ्या मावळ्याला ते परवडणारं नव्हतं. गावचे बलुतेदार आणि रानावर जगणारे कातकरी तर या हिशेबात कुठेच नव्हते. कागदावर मालकाने होकार दिला आणि गावाने दिला असं धरलं गेलं. धरण झालं.

२०१३च्या भूसंपादन कायद्याने ही चूक बऱ्याच अंशी ओळखली. ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त मालक नव्हे. संपादनाआधी किमान तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेली कुळं, शेतमजूर, कारागीर हेही त्यात आले. पुनर्वसनात त्यांची गणती होते. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधितांची संमती लागते, हेही कायद्याने सांगितलं. मात्र कलम नीट वाचलं तर ठेच लागते. संमतीच्या मोजणीत धरायची ती मुख्यतः जमीनमालक कुटुंबं. कूळ नुकसानीत धरलं जातं, होकारात नाही.

त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, आणला. ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटींवर, किंवा उलाढाल १,००० कोटींवर, किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटींवर, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायचे, आणि त्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचं. त्यातून शाळेला बाकं येतात, चौकात पाण्याची टाकी येते, टाकीवर ‘यांच्या सौजन्याने’ अशी पाटी येते. हे वाईट मुळीच नाही. फक्त हे सगळं प्रकल्प ठरून, उभा राहून, नफ्यात आल्यावरचं आहे. आधी गावाशी काय बोलणं झालं, याबद्दल पाटी काहीच सांगत नाही.

आधी बोलण्याची सोय म्हणजे पर्यावरणीय जनसुनावणी. २००६च्या अधिसूचनेनुसार मोठ्या औष्णिक वीज प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीआधी ती घ्यावी लागते. ३० दिवसांची सूचना, पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत. पण सौर पॅनेल आणि पवनचक्क्यांना या मंजुरीतूनच सूट आहे, कारण धूर नाही. भूसंपादन कायद्याचीही गरज बहुधा पडत नाही. जमीन भाड्याने किंवा थेट खरेदीने मिळते. म्हणजे ज्या विजेला आपण स्वच्छ म्हणतो, तिच्यासाठी गावाला विचारण्याची सक्ती कोळशापेक्षा कमी.

डेन्मार्कमध्ये हीच गाठ वेगळ्या प्रकारे सोडवली गेली. सामसो हे जेमतेम चार हजार वस्तीचं बेट. १९९७ साली सरकारी स्पर्धेतून ते अपारंपरिक ऊर्जेचं बेट म्हणून निवडलं गेलं. २०००मध्ये जमिनीवर ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या नऊ शेतकऱ्यांच्या होत्या आणि दोन छोट्या भागधारकांच्या, त्यामुळे ज्याच्याकडे शेत नव्हतं त्यालाही शेअर घेता आला. पुढे देशाने कायदाच केला, की नव्या पवन प्रकल्पातली किमान २० टक्के मालकी आधी आजूबाजूच्या रहिवाशांपुढे ठेवायची; ही अट २०२०पर्यंत लागू होती. रहिवासी, जमीनमालक नव्हे.

महाराष्ट्रातली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० या बाबतीत मधेच कुठेतरी आहे. खासगी जमीन भाड्याने देणाऱ्याला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये मिळतात, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. ग्रामपंचायतीलाही वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. ग्रामपंचायतीचं नाव आलं हे मुळशीच्या मानाने पुढचं पाऊलच. पण योजनेत सरकारी जमिनीही घेतल्या जातात आणि त्यात गायरानं येतात. गायरानाभोवती तारेचं कुंपण पडलं, की मेंढ्या घेऊन येणाऱ्या धनगराला वळसा घालून दुसरा माळ शोधावा लागतो. सातबारा त्याच्या नावाचा नसतो आणि पुष्कळदा तो त्या गावचा मतदारही नसतो, त्यामुळे ग्रामसभा भरली तरी नोटीस त्याच्यापर्यंत जात नाही.