नळदुर्ग: नळराजा, पाणी महाल आणि 13 सप्टेंबरची सकाळ

जळकोटहून सोलापूरच्या दिशेने निघाले की आठ-दहा किलोमीटरवर नळदुर्ग लागते. पावसाळ्यात इथे पाहुण्यांची रीघ लागते आणि प्रत्येकाला किल्ल्याची एकेक गोष्ट ऐकायला मिळते. त्यातल्या निम्म्या गोष्टी गोड आहेत, पण खऱ्या नाहीत.

(लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट वेगळे. इथे बोलतो आहोत ते तुळजापूर तालुक्यातल्या, महामार्गावरच्या जळकोटबद्दल.)

सगळ्यांत जुना समज म्हणजे हा किल्ला नळराजाने दमयंतीसाठी बांधला. गावाच्या नावाला ही कथा शोभते म्हणून ती टिकली आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या एका मांडलिकाचे इथे ठाणे होते, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. पुढे हे ठाणे बहामनींकडे आणि बहामनी राज्य फुटल्यावर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले. आज दिसणारी दगडी तटबंदी मुख्यतः आदिलशाहीतली. त्यासाठी कागदपत्रे धुंडाळायचीही गरज नाही, बुरूज पाहिले तरी पुरे. नवबुरुजाला नऊ पाकळ्या आहेत, म्हणजे तोफांचा मारा अनेक दिशांना करता यावा. सगळ्यांत उंच उपळी बुरुजावर तोफा आजही पडून आहेत. असे 114 बुरूज या तटाला आहेत. तोफा वागवायला बांधलेली भिंत महाभारतातल्या राजाच्या नावावर कशी लावायची?

नळदुर्गाला सर्रास भुईकोट म्हणतात, तेही अर्धेच खरे. महामार्गाच्या बाजूने जाणाऱ्याला तो सपाटीवर वाटतो. पण तो बोरी नदीच्या दरीत घुसलेल्या बेसॉल्टच्या पठारावर उभा आहे. नदीच्या अंगाने कडे सरळ तुटलेले, त्यांच्या माथ्यावर तट. शत्रूला खरी वाट एकाच बाजूने. 1580 नंतर विजापूरच्या गादीवर लहान मूल आणि कारभार चांदबिबीच्या हाती, अशी नाजूक वेळ आली तेव्हा निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी नळदुर्गाला वेढा घातला. किल्ला त्यांच्या हाती लागला नाही.

पण गैरसमजांचे खरे माहेरघर म्हणजे पाणी महाल. राण्यांसाठी पाण्याखाली बांधलेला महाल, काही तरी गुप्त विद्या वापरली म्हणून आत थेंब येत नाही, असे सांगणारे वाटाडे भेटतात. पाणी महाल पाण्याखाली नाही. तो धरणाच्या भिंतीच्या पोटात आहे. मुख्य किल्ला आणि पलीकडच्या काठावरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये बोरीवर दगड-चुन्याचा बंधारा घातला आहे. त्याची लांबी सुमारे 174 मीटर, उंची सुमारे 19 मीटर. भिंत इतकी जाड की वरून जिन्याने उतरून तिच्या आत दालने काढता आली. ही दालने साठ्याच्या बाजूला नव्हे, खालच्या बाजूला उघडतात. साठ्याचा दाब पलीकडची भरीव चिरेबंदी सोसते आणि जादा पाणी दोन सांडव्यांतून दालनांच्या बाजूने पुढे झेपावते. सज्जात उभे राहणाऱ्याला म्हणून ते समोर कोसळताना दिसते, अंगावर मात्र तुषारच येतात. ही जादू नाही, हिशेब आहे. एकाच भिंतीने किल्ल्याला पाणी दिले, दोन किल्ल्यांना पूल दिला, शत्रूची एक बाजू बुडवली आणि वर सुलतानाच्या करमणुकीची सोय केली.

हे कोणी केले, हेही गुलदस्त्यात नाही. बंधाऱ्याचे श्रेय काही जुन्या लेखनात 1558 च्या सुमारास तटबंदी वाढवणाऱ्या पहिल्या अली आदिलशहाला दिलेले आढळते. महालातला फारसी शिलालेख मात्र दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा काळ सांगतो. साल 1613, बांधणारा मीर इमादीन. मध्ययुगात देखणी कामे शेकड्यांनी झाली, त्यांतल्या फार थोड्यांवर कारागिराचे नाव राहिले. इथे ते राहिले आणि आपण नळराजाचे नाव घेतो, हे मला खटकते.

नर-मादी धबधबे निसर्गाचे नाहीत, ते या बंधाऱ्याचे सांडवे आहेत. बारमाहीही नाहीत. वरच्या अंगाचे आजचे बोरी धरण भरून वाहू लागले तरच ते जोरात कोसळतात. कोरड्या वर्षी येऊन हिरमुसणारे पर्यटक बिचारे या माहितीअभावीच फसतात.

किल्ला पडका झाला तो 1948 च्या तोफांनी, असेही ऐकू येते. नळदुर्गाच्या वाट्याला असे काही आले नाही. 1686 मध्ये तो मोगलांकडे, मग निजामाकडे गेला. 1853 ते 1860 हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता आणि पहिली काही वर्षे कारभार पाहायला कादंबरीकार मेडोज टेलर इथे होता. त्याने आत्मचरित्रात किल्ल्याचे भरभरून वर्णन केले आहे. पुढे लष्करी गरज संपली, राबता कमी झाला आणि पडझड वाढत गेली.

1948 ची चकमक मात्र खरी आहे, आणि ती आपल्याकडे सगळ्यांत कमी सांगितली जाते. 13 सप्टेंबरच्या पहाटे सोलापूरकडून भारतीय सेना हैदराबाद संस्थानात शिरली. पहिली झुंज नळदुर्गला झाली. मोलाचा होता तो बोरीवरचा पूल. तो उडवला जाण्याआधीच हाती आला आणि दुसऱ्या शीख पलटणीने तिथली ठाणी घेतली. या पलटणीतले हवालदार बचित्तर सिंग त्या दिवशी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटात पोहोचली आणि दुपारी सव्वातीनपर्यंत सेना उमरग्यात होती. म्हणजे नळदुर्ग-जळकोटचा निकाल न्याहारीच्या वेळेआधीच लागला होता. किल्ला फोडत बसण्याइतका वेळच कोणाकडे नव्हता.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन 17 सप्टेंबरला साजरा होतो, तो योग्यच आहे. पण आपल्या भागातल्या शाळांनी त्या दिवशी भाषणात 13 तारखेच्या सकाळचीही चार वाक्ये घालावीत, आणि पाणी महालाच्या सहलीत मुलांना मीर इमादीनचे नाव सांगावे.