उपचार करणारा ‘कोणाला सांगू नको’ म्हणत असेल, तर सावध व्हा!

चंद्रपूर/गडचिरोली : पोरगी रात्र रात्र झोपत नाही, पोराचं अभ्यासात मन लागत नाही, म्हणून आता खेड्यातली माणसंही मानसोपचार तज्ज्ञाकडे, समुपदेशकाकडे जाऊ लागली आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण उपचार करणाऱ्यानेच मर्यादा ओलांडली तर काय करायचं, हे गावात कोणी सांगत नाही.

जानेवारी 2025 मध्ये नागपुरात हुडकेश्वर पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाला अटक केल्याचं उघड झालं. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं आणि सहलींच्या नावाखाली विद्यार्थिनींचं शोषण केलं, फोटो काढून धमकावलं, असा आरोप आहे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार हा प्रकार जवळपास 15 वर्षे चालला आणि पीडित किमान 50 आहेत. एका माजी विद्यार्थिनीने हिंमत केली तेव्हा तोंड फुटलं. अनेकींची लग्नं झाल्याने त्या पुढे यायला कचरत होत्या. दोष ठरवणं न्यायालयाचं काम आहे. पण आपल्याकडची पोरंही शिकायला नागपूरलाच जातात, म्हणून हे समजून घेणं गरजेचं आहे.

इतकी वर्षे गप्प का राहतात?

हाडाच्या डॉक्टरला आपण फक्त पाय दाखवतो. मनाच्या डॉक्टरला घरातलं सगळं सांगतो. त्यामुळे त्याच्यावर जीव बसतो, त्याचा शब्द खरा वाटतो. याचाच कोणी फायदा घेतला तर रुग्ण स्वतःलाच दोष देतो. झोप उडते, शिक्षण सुटतं, जीव द्यायचे विचार येतात आणि पुढे कोणत्याच डॉक्टरवर विश्वास बसत नाही.

मर्यादा कुठे ओलांडली जाते?

बंद खोलीत एकट्याशी बोलणं ही उपचाराची नेहमीची पद्धत आहे, त्यात चूक नाही. पण खासगी गप्पांसाठी रात्री-बेरात्री फोन, घरी किंवा लॉजवर बोलावणं, नको तिथे स्पर्श, उसने पैसे मागणं, फोटो मागणं, हे उपचार नाहीत. सगळ्यात मोठी खूण म्हणजे ‘हे कोणाला सांगू नको’. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं काम आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 तेच सांगतो. रुग्णाने डॉक्टरचं गुपित सांभाळावं, असं कोणताच कायदा म्हणत नाही.

‘तिची पण मर्जी होती’ ही सबबही चालत नाही. पदाचा किंवा विश्वासाचा गैरफायदा घेऊन बाईला शरीरसंबंधाला राजी केलं, तर तो बलात्कार ठरला नाही तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 68 नुसार 5 ते 10 वर्षे शिक्षा आहे. 18 वर्षांखालील मुलामुलींसाठी पोक्सो कायदा आहे. त्यात संमतीचा प्रश्नच येत नाही.

काय करायचं?

– जाण्याआधी नोंदणी विचारा. मानसोपचार डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेत असते. गैरवर्तनाची तक्रार तिथेही करता येते.
– मेसेज, फोटो, पावत्या डिलीट करू नका.
– घटना नागपूरची असली तरी गुन्हा जवळच्या कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचं नाव छापणं किंवा पसरवणं हाच गुन्हा आहे.
– महिलांना आणि आदिवासींना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. फोन 15100.
– तातडीची मदत 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098.

एक वाईट निघाला म्हणून उपचार सोडू नका. डॉक्टर बदला. टेलिमानस 14416 या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं. आणि पोरगी ‘मला त्या डॉक्टरकडे जायचं नाही’ म्हणाली, तर तिच्यावर ओरडण्याआधी जवळ बसवून का ते विचारा.