बोटीची मोटार तापली, आता काय तपासायचं?

वर्धा नदीला मोठा पूर आला की बल्लारपूर-राजुरा रस्ता बंद पडतो आणि बचाव पथकाच्या मोटारबोटी पाण्यात उतरतात. बोटीमागे बसवलेल्या या मोटारीला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ती नदीचंच पाणी ओढून थंड होते. गाळ, प्लास्टिक, पालापाचोळा जाळीत अडकला किंवा पंपातलं रबरी चक्र झिजलं, की बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार थांबते. हाच पहिला इशारा. मोटार लगेच बंद करा.

इंजिन आपोआप निवू द्या. मग स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. फिरलं नाही तर पिस्टन जाम झाला असावा. प्लगच्या टोकावर चंदेरी कण दिसले, तर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम वितळलंय. प्लगवर पाणी असेल किंवा फोर-स्ट्रोकचं ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं असेल, तर संशय हेड गॅस्केटवर.

शेवटी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एकाचं 120 आणि दुसऱ्याचं 80 पीएसआय आलं, तर हेड उघडावंच लागेल. आकडे चांगले आणि सारखे आले, तर बहुधा चक्र आणि थर्मोस्टॅट बदलून भागतं.