खवट तेलाचेही डिझेल होते

मंचर-भीमाशंकर रस्त्यावरील शिनोलीसारख्या गावात भजी-वडे तळणाऱ्या हॉटेलवाल्यापुढे रोजचा प्रश्न असतो: कढईतले जळके तेल टाकावे कुठे? अशा तेलापासून बायोडिझेल होते, हे आमच्या अनेक वाचकांनी ऐकले असेल. मात्र त्यात अडचण कोणती आणि ती कशी दूर झाली, हे व्यापारी बंधूंनी समजून घेतले पाहिजे.

साधी रीत अशी: १०० किलो तेलात सुमारे ११ किलो मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा घालून ते तापवितात. त्यातून जवळपास १०० किलो बायोडिझेल व १० किलो ग्लिसरीन मिळते. पण तेल ताजे हवे. वारंवार तळलेल्या तेलात, किंवा ओल लागलेल्या करंजबियांच्या तेलात आम्ल वाढते. आम्ल व सोडा एकत्र आले की साबण होतो. मग डिझेल व ग्लिसरीन वेगळे होत नाहीत, धुण्यास पाणी फार लागते आणि माल वाया जातो.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उपाय निघाला. डॉ. पॉल रत्नसामी, डॉ. दर्भा श्रीनिवास व सहकाऱ्यांनी लोखंड व जस्ताच्या संयुगाचा घन उत्प्रेरक तयार केला. त्यांचे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्च न होता क्रिया घडविणारा पदार्थ. हा तेलात विरघळत नाही. तेल व त्यातील आम्ल या दोहोंचे एकाच वेळी डिझेल करतो. साबण होत नाही, ग्लिसरीन स्वच्छ मिळते आणि उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो.

परंतु हा घरगुती धंदा नव्हे. सोड्याच्या रीतीला ६० अंश उष्णता पुरते. येथे सुमारे १७० अंश व दाब सोसणारे बंद भांडे लागते. शिवाय मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असून त्याने दृष्टी जाते.

तेव्हा छोट्या दुकानदाराचा फायदा तेल विकण्यात आहे. २०१८ पासून, ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून जास्त असलेले तेल खाण्यास वापरण्याची मनाई आहे. असे तेल गटारात ओतू नये, स्वस्तात दुसऱ्या गाडीवाल्यालाही देऊ नये. ते गाळून, पाणी लागू न देता झाकून ठेवावे, अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंद असलेल्या संकलकालाच विकावे व पावती घ्यावी. ग्राहकाचे आरोग्य राखून चार पैसे मिळत असतील, तर तो सौदा सोडू नये, असे आम्हाला वाटते.