हस्तलाघव : रबरबँडचे प्रयोग

प्रेक्षकापासून हात-दीड हाताच्या अंतरावर, रंगमंच, प्रकाशयोजना किंवा मोठी यंत्रसामग्री यांचे साहाय्य न घेता केवळ बोटांच्या कौशल्याने केल्या जाणाऱ्या जादूस समीप जादू (क्लोज-अप मॅजिक) म्हणतात. पत्ते, नाणी, अंगठी, दोरा ही तिची नेहमीची साधने होत. कचेरीतील कागद बांधण्याचा रबरबँड हे त्यांतील सर्वांत स्वस्त व सर्वांत निरुपद्रवी दिसणारे साधन असून त्याचे सामर्थ्य याच साधेपणात आहे. प्रेक्षकाने तो अनेकदा हाताळलेला असतो, त्यामुळे त्यात काही गुप्त योजना असेल असा संशय त्यास येत नाही.

वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘ऐंद्रजाल’ व ‘हस्तलाघव’ यांची नोंद वेगवेगळी केलेली आढळते. हर्षाच्या रत्नावली नाटिकेतील ऐंद्रजालिक राजवाड्यास आग लागल्याचा भास निर्माण करतो, तो पहिल्या प्रकारातील. रबरबँडचे प्रयोग निर्विवादपणे दुसऱ्या प्रकारात मोडतात. कला जुनी असली तरी साधन मात्र अलीकडचे आहे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ताठर बनते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकास १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर उष्णतेत टिकाऊ करण्याची प्रक्रिया (व्हल्कनीकरण) सापडल्यानंतरच लवचिक बंध तयार करणे व्यवहार्य झाले. रबरबँडचे एकस्व लंडनच्या स्टीव्हन पेरी यांनी १८४५ मध्ये घेतले.

या प्रयोगांत ‘उडी मारणारा रबरबँड’ सर्वपरिचित आहे. तर्जनी व मध्यमा यांच्या मुळाशी अडकवलेला बँड, मूठ मिटून उघडताच, अनामिका व करंगळी यांवर गेलेला दिसतो. कृती अशी : हाताचा तळवा प्रयोगकर्त्याकडे व पाठ प्रेक्षकाकडे असते. दुसऱ्या हाताने बँड तळव्याच्या बाजूस ताणला जातो व मूठ मिटताना चारही बोटांची टोके त्या ताणलेल्या फाशात शिरतात. प्रेक्षकास फक्त दोन बोटांवरचा पट्टा दिसतो. बोटे सरळ होताच बँड स्वतःच्या ताणाने पलीकडच्या दोन बोटांवर जाऊन बसतो. दुसरा एक बँड पीळ देऊन चारही बोटांच्या टोकांभोवती गुंफला, तर वाट बंद झाल्याचे भासते. उडी मात्र पूर्वीसारखीच पडते, कारण हालचाल बोटांच्या मुळाशी होते व अडथळा टोकांशी असतो.

दोन बँड एकमेकांत अडकवून दोन्ही हातांच्या अंगठा व तर्जनी यांवर ताणून धरावयाचे आणि ते एकमेकांतून आरपार गेल्याचे दाखवावयाचे, हा दुसरा प्रयोग अधिक अवघड व अधिक परिणामकारक आहे. तो ब्रिटिश जादूगार आर्थर सेटरिंग्टन यांच्या नावावर मांडला जातो. मायकेल अमार या अमेरिकन जादूगाराने त्यास जगभर लोकप्रिय केले. त्यातील मर्म हे की, एक बोट क्षणभर वलयातून सुटून दुसऱ्या बाजूने पुन्हा आत शिरते आणि तेवढ्या काळापुरता ताण शेजारचे बोट सांभाळते. तिरप्या धरलेल्या बँडवर अंगठी आपोआप चढत जाण्याचा प्रयोग वेगळ्या तत्त्वावर आधारलेला आहे. येथे बँडचा बराच भाग मुठीत दडवलेला असतो. दिसणारा भाग आधी पूर्ण ताणून त्यावर अंगठी ठेवतात आणि मुठीतील भाग हळूहळू सोडतात. अंगठी बँडवर सरकत नाही; ती आहे तेथेच राहून खालचा ताणलेला बँडच तिला घेऊन वर जातो. प्रेक्षक अंगठीकडे पाहत असल्याने बँडची हालचाल त्याच्या लक्षात येत नाही.

प्रयोग सुधारण्याची बाब : कृती समजणे आणि प्रयोग साधणे यांत मोठे अंतर असते. नवशिक्याचा सर्वसाधारण दोष गुप्त हालचाल घाईने उरकण्याचा असतो. घाई झाली की लय मोडते व नेमक्या त्या जागी काहीतरी घडले हे पाहणाऱ्यास कळते. अनुभवी जादूगार ती हालचाल इतर हालचालींच्याच गतीने करतो व तिला एखादे उघड कारण देतो. उदा., बँड खरा आहे हे दाखवण्यासाठी तो ताणणे. असे कारण पुरवले की ताणण्याची क्रिया संशयास्पद राहत नाही. दुसरे पथ्य नजरेचे आहे. प्रयोगकर्ता जेथे पाहतो तेथे प्रेक्षक पाहतो. म्हणून गुप्त क्षणी त्याने प्रेक्षकाच्या डोळ्यांकडे पाहून एखादा प्रश्न विचारावा आणि परिणामाच्या क्षणी मात्र स्वतःही हाताकडे पाहावे. विनोदावर हसू फुटताच लक्ष शिथिल होते. कामाची सोय त्याच क्षणात असते.

या निरीक्षणांना मानसशास्त्राचा आधार आहे. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जादूगारांच्या हातचलाखीचा अभ्यास केला होता. सायमन्स व चॅब्रिस यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चेंडूच्या फेका मोजण्यात गुंतलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना दृश्याच्या मध्यातून चालत गेलेली गोरिलाच्या वेशातील व्यक्ती दिसलीच नाही. हात डोळ्यापेक्षा चपळ असतो ही समजूत त्यामुळे फारशी खरी नाही. लक्ष दुसरीकडे असले की सावकाश हातही दिसत नाही.

सरावासाठी आरसा उपयोगी असला तरी आरशात पाहण्याच्या सवयीने नजर हातावर खिळते. शिवाय गुप्त क्षणी डोळे मिटण्याची खोड आरशात स्वतःला दिसत नाही. चलत्चित्रणाने हा दोष उघड होतो. कोनांचा विचार ही तितकीच महत्त्वाची गोष्ट आहे. जत्रेत किंवा आठवडे बाजारात गारुड्याभोवती लोक चोहोबाजूंनी कडे करतात. अशा ठिकाणी उडी मारणाऱ्या बँडचा प्रयोग करू नये, कारण तळव्याची बाजू पाठीमागून सहज दिसते. तो समोर दोघे-तिघे असतानाच शोभतो. आरपार जाणाऱ्या बँडच्या प्रयोगास कोनांचे बंधन त्या मानाने कमी आहे. एकाच बैठकीत एकच प्रयोग पुन्हा करू नये, हा नियम मात्र ‘उडी’ला लागू पडत नाही, ती दुसऱ्यांदा उलट दिशेने व तिसऱ्यांदा अडथळ्यासह दाखवली, तर उलट रंगते.

साधनाची निवडही दुर्लक्षिण्याजोगी नाही. फार जाड बँड उशिरा सुटतो व बोटांवर वळ उमटवतो. फार बारीक बँड तुटतो. ताणलेले रबर कडक ऊन व हवेतील ओझोन यांमुळे भेगाळते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या कोरड्या व उष्ण भागात म्हणून बँड सैल स्थितीत, बंद डबीत ठेवणे श्रेयस्कर. ताणल्यावर रबर किंचित तापते, हे जॉन गॉफ या अंध इंग्रज निसर्गवैज्ञानिकाने १८०५ मध्ये नोंदवले होते. बँड ओठांना लावून झटकन ताणल्यास ही ऊब जाणवते व प्रेक्षकाच्या हाती बँड देताना बोलण्यास एक सत्य विषय मिळतो.

हस्तलाघव व चमत्कार यांतील सीमारेषा महाराष्ट्रात वादाचा विषय राहिली आहे. याच जिल्ह्यात गोदावरीकाठी पुणतांबे येथे चांगदेवाची समाधी आहे. वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन आलेल्या या सिद्धाचा गर्व ज्ञानेश्वरांनी भिंत चालवून उतरवला, अशी आख्यायिका आहे. ज्ञानेश्वरांनी त्यास उद्देशून लिहिलेल्या पासष्ट ओव्यांच्या ‘चांगदेव पासष्टी’त चर्चा मात्र सिद्धींची नसून आत्मज्ञानाची आहे. आधुनिक काळात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (स्थापना १९८९) कार्यकर्त्यांनी बुवाबाजीतील ‘चमत्कार’ करून दाखवून त्यांमागील युक्ती जाहीरपणे उलगडली. समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे व पैसे मिळवणे हा गुन्हा ठरवला. करमणुकीची जादू त्याच्या कक्षेत येत नाही, कारण तिच्यात फसवणुकीचा करार उभयपक्षी मान्य असतो. बँड हातात घेताना ‘ही हातचलाखी आहे’ असे सांगणाऱ्या जादूगाराचा प्रयोग त्यामुळे फिका पडतो, ही भीती अनाठायी आहे; युक्ती आहे हे माहीत असूनही ती सापडत नाही, यातच या प्रकाराची खरी गंमत असते.

मराठी जादूगारांत रघुवीर भोपळे (१९२४–८४) यांनी ‘जादूगार रघुवीर’ या नावाने देशविदेशांत प्रयोग करून मोठी कीर्ती मिळवली. त्यांच्या घराण्यात ही परंपरा पुढे चालू राहिली. त्यांचे क्षेत्र प्रामुख्याने रंगमंचीय जादूचे होते. रबरबँडसारखे प्रयोग मोठ्या सभागृहात मागच्या रांगांना दिसत नाहीत. ओसरी, वर्गखोली, आगगाडीचा डबा याच त्यांच्या योग्य जागा होत.