लाम अकोल : मंत्रिपद, बंड आणि वाटाघाटी

दक्षिण सुदानचे डॉ. लाम अकोल एकेकाळी खार्टुम विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवत. २००५ ते २००७ ते अखंड सुदानचे परराष्ट्रमंत्री होते. २०१६ मध्ये स्वतंत्र दक्षिण सुदानचे कृषिमंत्री झाले. जुलैत राजधानी जुबात लढाई पेटली. शांतता करार संपला, असे सांगत त्यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला आणि पुढे बंडखोर संघटना काढली. २०१८ मध्ये हीच संघटना विरोधी आघाडीतून वाटाघाटींना बसली, नव्या करारात सामील झाली.

त्या करारात पाच उपराष्ट्राध्यक्ष आणि ५५० खासदार ठरले. निवडणूक मात्र पुढे पुढे ढकलली गेली. पदे वाटली की बंदुका काही काळ थांबतात. पण बंदुकीमुळेच खुर्ची मिळत असेल, तर निःशस्त्र माणसाच्या मताला किंमत उरत नाही. म्हणून कोणताही शांतता करार वाचताना आधी विचारावे, मतदानाची तारीख कधी?