रुग्णसेवेचा पहिला नियम : स्वच्छ हात

अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळाने पुणे शहरात आणले. नळाची पाहणी करता यावी व गाळ काढता यावा, म्हणून मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधण्यात आले. पाणी उगमापाशी शुद्ध असून भागत नाही. ते ज्या मार्गाने येते तो मार्गही निर्मळ राखावा लागतो, हे त्या काळच्या कारागिरांनी ओळखले होते.

रुग्णोपचारालाही हेच तत्त्व लागू पडते. औषध उत्तम आणि वैद्य निष्णात असला, तरी एका रुग्णाचे रोगजंतू दुसऱ्याकडे नेणारा मार्ग बहुधा सेवा करणाऱ्याचे हात हाच असतो. १८४७ साली व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शेकडा १८ च्या आसपास असलेले मातामृत्यूचे प्रमाण काही महिन्यांतच शेकडा २ च्या आसपास आले.

संसर्गाचा धोका सेवा करणाऱ्यालाही असतो. पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

हात केव्हा धुवावेत, याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, इंजेक्शन, मलमपट्टी यांसारख्या निर्जंतुक कामापूर्वी, रक्त वा अन्य शारीरिक द्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि त्याची खाट वा वस्तू हाताळल्यानंतर. साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद, तर अल्कोहोलयुक्त द्रावण चोळण्यास २० ते ३० सेकंद पुरतात. हातमोजे घातले, तरी हात धुणे टळत नाही.

याच्या जोडीला प्रत्येक रुग्णासाठी नवी सुई व नवी सिरिंज वापरणे आवश्यक आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचऱ्याचे पिवळा, लाल, पांढरा व निळा असे रंगनिहाय वर्गीकरणही व्हावयास हवे.

या कामी लोकप्रतिनिधींचे साह्य मोलाचे आहे. आरोग्य केंद्रात वाहते पाणी आहे काय, साबण नियमित मिळतो काय, हे प्रश्न पंचायत सदस्यांनी रुग्ण कल्याण समितीपुढे मांडावेत. आजाऱ्याच्या खाटेवर बसू नये आणि भेटीपूर्वी व भेटीनंतर हात धुवावेत, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावे. या साध्या सवयींनी रुग्ण आणि त्याची सेवा करणारा, दोघांचेही प्राण वाचू शकतात.